मुलाला निरुत्तर करून काय मिळेल, सर?

पत्राचा सारांश: बेळगावातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ लिहितात. वय पन्नाशीच्या आसपास. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मेथॉडिस्ट मंडळीतलं. ते स्वतः मंडळीच्या कमिटीवर आहेत. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षापासून तो रविवारच्या उपासनेला येत नाही. 'देव आहे कशावरून?' असं त्याने एकदा जेवताना विचारलं आणि तेव्हापासून रोज रात्री ताटावर वाद. वडिलांनी मोबाइलवर व्याख्यानं ऐकून देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद एका वहीत क्रमाने लिहून काढले. मुलगा एकेक खोडत गेला. शेवटी एका रात्री वडील म्हणाले, "मान की रे, मानून तुझं काय जातंय?" मुलगा हसला आणि ताट उचलून खोलीत गेला. आता तो तिथेच जेवतो. आई दोघांवरही चिडली आहे. आजी खानापूर तालुक्यातल्या गावी असते. दर नाताळात गावच्या चर्चमध्ये शास्त्रपाठ हा नातूच वाचतो. यंदा त्याने सांगून टाकलंय, "मला वाचायला लावू नका, मी खोटं वाचणार नाही." पत्राच्या मध्यावर एक वाक्य आहे: 'गेल्या वर्षी त्याचा जवळचा मित्र हायवेवर अपघातात गेला, मुलगा लिंगायत होता, आम्ही सगळे भेटून आलो, देवाची इच्छा म्हणून समजूतही घातली, पण त्यानंतर हे वेड वाढलं.' गृहस्थांचे प्रश्न तीन. मुलाला निरुत्तर करेल असा एक पक्का युक्तिवाद कोणता? पाळकसाहेबांना घरी बोलवावं का? आणि नाताळचं काय करायचं?

सर, (तुम्ही शिक्षक, तेव्हा सरच म्हणते)

दोन गोष्टी आधी सांगते. मी तुमच्या मंडळीतली नाही, आमच्या घरी गणपती बसतो. आणि नोकरीची बरीच वर्षं मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. तुमच्या वहीतले बहुतेक युक्तिवाद त्या अभ्यासक्रमात होते. त्यामुळे विषय ओळखीचा आहे, आणि तुमच्या दोघांपैकी कुणाला जिंकवायची मला घाई नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. असा युक्तिवाद नाही. असता तर गेल्या हजार वर्षांत कुणाच्या तरी हाती लागला असता; या कामाला लागलेली डोकी साधी नव्हती. मुलाच्या बाजूनेही तसा युक्तिवाद नाही, हे त्याच्याही कानावर घालायला हरकत नाही. आपण तर बेळगावकर. 1956 पासून चाललेल्या सीमावादात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही बाजूंकडे कपाटं भरून कागद आहेत, 2004 पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे, आणि त्या कागदांनी कुणी कुणाला निरुत्तर केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

तरीही तुमची वही उघडू या, कारण तुम्ही मेहनत केली आहे आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

पहिला युक्तिवाद तुम्ही असा लिहिलाय: जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वाला कारण आहे. याचं मूळ मध्ययुगातल्या इस्लामी विद्वानांत आहे. अकराव्या शतकातल्या अल्-गझालींनी तो जोरकसपणे मांडला आणि विल्यम लेन क्रेग या अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञाने 1979 मध्ये त्यावर पुस्तक लिहून तो पुन्हा चर्चेत आणला. मुलगा म्हणाला, "मग देवाला कुणी केलं?" इथे मुलाचं चुकलं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं हा युक्तिवाद म्हणतच नाही. ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं, एवढंच म्हणतो. हे त्याला शांतपणे सांगता आलं असतं.

पण पुढे तुम्ही महास्फोट (बिग बँग) आणलात आणि 'विज्ञानानेच सिद्ध केलं' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. त्या जरा पुसा. ही कल्पना पहिल्यांदा ज्यांनी मांडली ते जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 मध्ये लिहिलं, आद्य अणूची कल्पना 1931 मध्ये मांडली. 1951 मध्ये पोप पायस बारावे एका भाषणात म्हणाले की आजचं विज्ञान त्या आदिम 'प्रकाश होवो' या क्षणाचं साक्षीदार होऊ लागलंय. लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, तो मानून आस्तिकही राहता येतं आणि नास्तिकही, अशी त्यांची भूमिका होती. झगा घातलेला शास्त्रज्ञ जे म्हणायला तयार नव्हता, ते मोबाइलवरचे वक्ते छातीठोक म्हणतात.

त्याहून जुनी गोष्ट सांगते. देवाच्या अस्तित्वाचे पाच मार्ग ज्यांच्या नावावर आहेत त्या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (1225–1274) यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की विश्वाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेनेच मानायचं असतं. आणि पुढे एक इशारा दिलाय. जे श्रद्धेचं आहे ते लंगड्या कारणांनी सिद्ध करायला जाऊ नका. नाहीतर न मानणारे हसतील, आणि आपण असल्याच कारणांवर विश्वास ठेवतो असं समजतील. सर, तुमच्या जेवणाच्या टेबलावर नेमकं हेच झालं.

अक्वायनस यांचा स्वतःचा कारणाचा युक्तिवाद काळात मागे जात नाही. हात काठी हलवतो, काठी दगड हलवते, हे सगळं एकाच क्षणी चालू असतं. हात थांबला की सगळं थांबतं. आत्ता, या घटकेला, जे काही आहे त्याला असण्यात कोण धरून ठेवतंय, हा त्यांचा प्रश्न. विश्व अनादि असलं तरी हा प्रश्न उरतोच. मला विचाराल तर तुमच्या वहीतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, आणि तो तुम्ही चार ओळींत आटोपलाय. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला: काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे, ते का? 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर या मुद्द्यावर ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल आणि जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू फ्रेडरिक कॉपलस्टन समोरासमोर आले. कॉपलस्टन म्हणाले, प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर अवलंबून असेल तर सगळ्या मिळून होणाऱ्या विश्वाचंही काही कारण हवं. रसेल म्हणाले, विश्व आहे, बस्स, त्यापुढे कारण मागण्यात अर्थ नाही. तिथे वाद थांबला. दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक, आणि कुणी निरुत्तर झालं नाही. एकाला प्रश्न खरा वाटतो, दुसऱ्याला तो प्रश्नच वाटत नाही. तुमच्या मुलाचं आणि तुमचं बहुधा इथेच कुठेतरी फाटतं.

घड्याळ आहे तर घड्याळजी असणारच, तसाच जगाचाही कुणी रचनाकार असणार, हा युक्तिवाद (विल्यम पेली, 1802) मुलाने डार्विन पुढे करून उडवला, तो बराचसा बरोबर उडवला. डार्विनची सुद्धा वाट बघायला नको होती. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये छापलेल्या संवादांत या वळणाच्या युक्तिवादावरचे आक्षेप आधीच येऊन गेले होते. आजकाल हाच मुद्दा भौतिकशास्त्रातल्या स्थिरांकांवरून नव्याने मांडतात. त्यावर घमासान चालू आहे, आणि ते वरण-भात गार व्हायच्या आत संपणारं नाही. एक मात्र दोघांनी लक्षात ठेवा: हे काही फक्त पाश्चात्त्यांचं खूळ नाही. कार्य दिसतंय तर कर्ता असणारच, घडा आहे तर कुंभार असणारच, हा युक्तिवाद मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हजारेक वर्षांपूर्वी लढवला. खानापूरकडच्या माणसाला कुंभाराचा दृष्टान्त फोड करून सांगायला नको. आणि समोर कोण होतं? चार्वाक आणि बौद्ध होतेच, पण वेद प्रमाण मानूनही जगाचा निर्माता न मानणारे मीमांसकही होते. तेव्हा 'देव न मानणारा म्हणजे वाया गेलेला' हे समीकरण आपल्या मातीतही कधी नव्हतं.

आता ॲन्सेल्म यांच्याकडे येते, कारण तुमच्या घराला त्यांचा उपयोग आहे. नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात राहणाऱ्या या साधूने 1077-78 च्या सुमारास 'प्रॉस्लोगियन' लिहिलं. देव म्हणजे ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते. असं ते फक्त मनात असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर त्याहून मोठं, म्हणजे प्रत्यक्षात असलेलं, कल्पिता येईल; म्हणून ते प्रत्यक्षात असलंच पाहिजे. तुम्ही गणिताचे, तुम्हाला हा युक्तिवाद आवडला यात नवल नाही. मुलाने 'शब्दांचा खेळ' म्हणून तो झटकला. खुद्द ॲन्सेल्म यांच्या हयातीत गॉनिलो नावाच्या दुसऱ्या साधूने जवळपास हेच म्हटलं होतं. त्याने लिहिलं, याच चालीने जगातलं सगळ्यात उत्तम बेटसुद्धा कुठेतरी असलंच पाहिजे असं सिद्ध होईल. पुढे 1781 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाले की कल्पनेतली शंभर नाणी आणि खिशातली शंभर नाणी यांची कल्पना एकच असते. 'असणं' हा काही वस्तूला चिकटवायचा गुण नाही. पण मला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे. गॉनिलोचा आक्षेप हाती आल्यावर ॲन्सेल्म यांनी त्याला उत्तर लिहिलं आणि सांगितलं की यापुढे माझ्या पुस्तकाची नक्कल करताना हा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही सोबत जोडा. 'देव नाही' म्हणणाऱ्या मूढाचा पक्ष घेऊन लिहिलेला तो मजकूर होता. तो त्यांनी आपल्याच पुस्तकात राहू दिला. आणि ते पुस्तक एका प्रार्थनेच्या रूपात लिहिलेलं आहे. तुमच्या वहीत मुलाचे आक्षेप एका रकान्यात आहेत, पण त्यांच्यापुढे तुम्ही 'चूक' असा शेरा मारलाय, उत्तरपत्रिकेवर मारतात तसा.

राहिला पास्कल. "मान की रे, मानून तुझं काय जातंय?" हे तुम्ही रागात म्हणालात, पण तो फ्रेंच गणितज्ञ पास्कल यांचा जुगार आहे, फार उतरलेल्या रूपात. देव असला तर मानणाऱ्याचा अनंत फायदा, नसला तर नुकसान किरकोळ. मुलगा का हसला ते मला कळतं. त्याला खरं काय ते हवं होतं आणि तुम्ही त्याच्यापुढे फायदा-तोटा ठेवलात. पास्कल स्वतः या हिशेबावर जगले नाहीत. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्यांना काहीतरी विलक्षण अनुभव आला. तो त्यांनी एका कागदावर लिहिला आणि 1662 मध्ये ते वारले तेव्हा तो कागद कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. त्यावर होतं: अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे.

मी तत्त्वज्ञानाची शिक्षिका, मला ती ओळ टोचायला हवी. पण ती बरोबर जागी बोट ठेवते. समजा तुमचा प्रत्येक युक्तिवाद टिकला. हाती काय आलं? एक आदिकारण. ते आजीच्या प्रार्थना ऐकतं का, त्याला माणसांचं काही पडलंय का, हे त्यातून निघत नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे तर्काने कळत नाही, हे अक्वायनस यांनीच म्हटलंय. तेव्हा तुम्ही रोज रात्री ज्याच्यासाठी भांडत होतात तो तुमचा आकाशातला बाप नव्हताच फारसा. आणि मुलगा ज्याला खोडत होता तोही नव्हता.

सर, तुमच्या पत्रात दोन पानं युक्तिवाद आहेत आणि मित्राविषयी एकच वाक्य. त्या वाक्याचा शेवट 'हे वेड वाढलं' असा आहे. मी तुमच्या मुलाला भेटलेली नाही, त्यामुळे हा माझा अंदाज समजा. तुम्ही 'देव आहे का' याची उत्तरं देत राहिलात. तो बहुधा विचारतोय, 'असला तर असा कसा?' विशीतला मुलगा जेवताना आईबापांपुढे मित्रासाठी रडत नाही. तो पुरावा मागतो.

या प्रश्नावरही तत्त्वज्ञानात ढीगभर लिहिलं गेलंय. जे. एल. मॅकी या नास्तिक तत्त्वज्ञाने 1955 मध्ये मांडलं की देव सर्वशक्तिमान आहे, पूर्ण चांगला आहे आणि तरीही जगात वाईट आहे, ही तीन विधानं एकत्र नांदू शकत नाहीत. 1974 मध्ये ॲल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने एका पुस्तकात उत्तर दिलं की माणसाला खरंखुरं स्वातंत्र्य द्यायचं तर तो वाईट करणारच नाही याची हमी देवालाही देता येत नाही, म्हणून यात तार्किक विसंगती नाही. विसंगती सिद्ध होत नाही एवढं अनेक नास्तिकांनीही मान्य केलं. मग वाद 'इतकं आणि असं वाईट का' याकडे सरकला. तुम्ही ही बाजू पाठ करून मुलापुढे मांडाल अशी मला भीती वाटते, म्हणून सांगते. प्लँटिंगा यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलंय की ज्याच्या आत दुःखाचं वादळ उठलंय त्याला या युक्तिवादाचा फारसा आधार होणार नाही. त्याला तत्त्वज्ञान नको, मायेने सांभाळणारं कुणी हवं.

'देवाची इच्छा' हे तुम्ही त्या घरी म्हणालात. आपल्याकडे कुणाच्याही दारी गेलं की हेच म्हणतात, आम्हीही म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ऐकणाऱ्या मुलाने ते शब्दशः घेतलं तर त्याचा अर्थ होतो की माझा मित्र देवाने मारला. असा देव त्याने नाकारला, तर त्याचं काय चुकलं? गंमत अशी की तुमच्या परंपरेने हे म्हणायला तुम्हाला भागही पाडलेलं नाही. जे घडतं ते सगळं देवाने आधीच नेमलेलं असतं, असं मानणारी एक मोठी धारा ख्रिस्ती धर्मात आहे. पण मेथॉडिस्ट पंथाचे मूळ पुरुष जॉन वेस्ली यांनी 1739 च्या एका गाजलेल्या प्रवचनात, कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय या मताला कडाडून विरोध केला होता. देवाची कृपा आधीच प्रत्येक माणसापर्यंत पोचलेली असते, असं ते शिकवत.

इथे आणखी एक गोष्ट असू शकेल. मित्र लिंगायत होता. त्याचं पुढे काय झालं, तो कुठे गेला, याबद्दल शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मवर्गात) लहानपणी ऐकलेलं काही मुलाच्या डोक्यात घोळत असेल, आणि ते तुम्हाला विचारायची त्याला हिंमत होत नसेल. विचारलंच तर सांगा की खुद्द वेस्ली यांनी उतारवयातल्या एका प्रवचनात म्हटलंय, मंडळीबाहेरच्यांचा निवाडा करायचा अधिकार मला देवाच्या वचनाने दिलेला नाही. कॅथलिक चर्चनेही 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केलं की आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. 'शोधतात' हा शब्द मुलाने पकडला तर पकडू द्या.

तुमच्या पवित्र शास्त्रात या सगळ्यासाठी एक अख्खं पुस्तक आहे, निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचं, आणि तुम्ही ते माझ्याहून जास्त वेळा वाचलं असेल. ईयोबाचे तीन मित्र येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग ते तोंड उघडतात आणि देवाची बाजू मांडायला लागतात: देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काही चुकलं असेल. शेवटी देव कुणावर रागावतो? ओरडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. देवाचं वकीलपत्र घेतलेल्या त्या मित्रांवर.

आणि एका माणसाविषयी मुलाला जरूर सांगा. वादासाठी नको, ओळख म्हणून. युर्गन मोल्टमान. जर्मन ख्रिस्ती धर्मचिंतक. घरात धर्माचं फारसं वातावरण नव्हतं, गणित आणि भौतिकशास्त्र शिकायची इच्छा होती. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर बाँबवर्षाव झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, विमानविरोधी तोफेवर नेमलेले. शेजारी उभा असलेला मित्र बाँबने जागच्या जागी गेला, हे वाचले. त्या रात्री ते आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारून ओरडले: तू कुठे आहेस? पुढे युद्धकैदी म्हणून छावण्यांत वर्षं गेली. तिथे एका लष्करी पाळकाने दिलेल्या बायबलमध्ये त्यांना मार्कच्या शुभवर्तमानातली, वधस्तंभावरच्या येशूची किंकाळी सापडली, 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' हा मला समजून घेतो, असं त्यांना वाटलं. 1972 मध्ये त्यांनी क्रूसावरच्या देवाविषयी जे पुस्तक लिहिलं त्यात मांडलं की ज्याला वेदनाच होत नाही असा देव प्रेमही करू शकणार नाही. अक्वायनस यांना हे मान्य झालं नसतं. त्यांच्या लेखी देव बदलत नाही, त्याला दुखत नाही. म्हणजे देव कसा आहे यावर तुमच्याच धर्मातले दिग्गज एकमेकांसमोर उभे आहेत. तुमच्या मुलाचा प्रश्न या घराबाहेरचा नाही. तो घरातलाच जुना प्रश्न आहे.

शिवाय, सर, आपल्याच गावचे बाबा पदमनजी. 1831 मध्ये बेळगावात जन्म, मिशनच्या शाळेत शिक्षण, 1854 मध्ये इथेच बाप्तिस्मा, मराठीतलं सुरुवातीचं कादंबरीलेखन त्यांच्या नावावर. 'अरुणोदय' हे त्यांचं आत्मचरित्र वाचा. तेही विशीतच होते, आणि वडिलांच्या घरचा धर्म त्यांनी सोडला तो वाचून, वाद घालून, मनाशी झगडून. मराठी ख्रिस्ती मंडळी अशाच मुलांनी उभी राहिली. आता तुमच्या घरात तसा एक मुलगा आहे, दिशा फक्त उलटी आहे.

आता करायचं काय ते. ताटावरचा वाद बंद करा. तुम्ही आधी बंद करा, तो बंद करण्याची वाट बघू नका. त्याचं ताट बाहेर यायला वेळ लागेल. एखाद्या दिवशी त्याला गाडीवर मागे बसवून कुठेतरी न्या, किंवा त्याच्या मागे बसा, हे आणखी बरं. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते रस्त्याकडे बघत बोलता येतं. मित्राचं नाव घ्या. "त्या दिवशी मी जे म्हणालो ते तुला कसं वाटलं?" एवढं विचारा आणि गप्प राहा. त्याने काही कडू सुनावलं तर उत्तर देऊ नका. तुमच्याकडे उत्तर असेल, ते माहीत आहे मला.

पुढे कधी तोच वादाला बसला तर बसा, मजेत बसा, पण ॲन्सेल्म यांची रीत पाळा. आधी त्याचा मुद्दा तुमच्या शब्दांत असा मांडा की तो म्हणेल, "हां, हेच म्हणायचंय मला." मग तुमचा. त्यालाही हाच नियम. वर्गात एकमेकांची प्रमेयं तपासायला लावता, तसंच. आणि 'मला माहीत नाही' हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकण्याची मुलांना फार गरज असते.

पाळकसाहेबांना अचानक घरी आणू नका. मुलगा त्याला पंचायत समजेल. साहेब ऐकून घेणारे असतील तर मुलाला विचारून, बाहेर कुठे चहाला भेट होऊ द्या. कमिटीतले विचारतील, "मुलगा दिसत नाही?" तर "बरा आहे" म्हणा आणि विषय बदला. मंडळीला त्याच्या श्रद्धेचा हिशेब देणं तुमच्याकडे लागत नाही.

आईने मात्र एका गोष्टीवर लक्ष ठेवावं: झोप, जेवण, कॉलेज. रात्र-रात्र जागरण, परीक्षा बुडवणं, कुणाशीच न बोलणं, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलणं, यातलं काही दिसलं तर तो तत्त्वज्ञानाचा मामला उरत नाही. कॉलेजात समुपदेशक असतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या नंबरवर आहे. तिथे विचारायला लाजू नका.

असली पत्रं मला सगळ्या घरांतून येतात. श्रावण पाळणार नाही म्हणणारी मुलगी, रोजे सोडलेला मुलगा, आणि उलट, बापाने आयुष्यभर देव्हारा ठेवला नाही आणि पोरगा आता माळ घालून पंढरीला निघालाय. सगळ्यांना तोच एक पक्का युक्तिवाद हवा असतो. त्यांनाही मी हेच विचारेन: वाद सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यांत घरात काय घडलं होतं?

नाताळ. मुलगा म्हणतोय की मी खोटं वाचणार नाही. सर, हा मुलगा पवित्र शास्त्र इतकं गंभीरपणे घेतो की मनात नसताना ते वाचायला त्याला जड जातं. कितीतरी जण सवयीने वाचून मोकळे होतात. त्याचं म्हणणं ठेवा. यंदाचं वाचन गावातल्या दुसऱ्या कुणाला द्या. आजीला काय सांगायचं ते त्याच्यावर सोपवा, फक्त आधी सांगायला लावा. ऐन वेळी तिची चर्चमध्ये फजिती नको. तिला तत्त्वज्ञान ऐकवायची गरज नाही, "आजी, यंदा माझं मन लागत नाही" एवढं पुरेल. म्हाताऱ्या माणसांना आपण समजतो त्याहून जास्त पचतं. तिला हात धरून चर्चपर्यंत न्यायचं, अंगणात तारा टांगायचा, करंज्या तळताना आईला मदत करायची, यात खोटं काही नाही, ती कामं तो करेल. आत येऊन बाकावर बसला तर बसू द्या. "बघ, आलास ना शेवटी" असं मात्र चुकूनही म्हणू नका.

आणि फराळाचे डबे भराल तेव्हा एक त्या मित्राच्या घरी न्या. मुलगा येतो म्हणाला तर त्याला घेऊन जा. वर्ष उलटलं की अशा घरी येणारे-जाणारे कमी होतात. तिथे यावेळी काही समजावू नका. त्यांचा मुलगा कसा होता ते त्यांना सांगू द्या.